आजीला आउट कोण म्हणणार?

मी एक जुनी लगोरी आहे. एक म्हणते खरी, पण मोजायला बसलात तर आम्ही सातजणी आहोत. सात चपट्या फरश्या, खाली थोरली, सगळ्यात वर धाकटी. तरी मी स्वतःला 'मी'च म्हणणार, कारण नुसती थोरली म्हणजे लगोरी नव्हे आणि नुसती धाकटीही नव्हे. सातजणी एकमेकींच्या डोक्यावर बसलो की मगच कुठं माझा 'मी' तयार होतो. मित्रांनो, आज मी तुम्हांला माझी कहाणी सांगणार आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. दगडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक उन्हाळा कूलरच्या पायाखाली काढून बघावा.

पण सुरुवातीपासून सांगते. नाहीतर म्हणाल, ही नुसती भांडायलाच आली.

माझा जन्म कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा. तिथल्या शाळेला नवीन खोली बांधली, तेव्हा शहाबादी फरशी बसवायचं काम कडुबा नावाच्या गवंड्याकडे होतं. फरशी बसवताना कोपऱ्यात, उंबऱ्यापाशी मापाचे तुकडे पाडावे लागतात. जे उरतात ते कुणाच्याच कामाचे नसतात. आम्ही त्या उरलेल्या. आमची जागा ढिगाऱ्यात ठरलेली होती. पण कडुबाची मुलगी रत्नमाला शाळा सुटली की बापाची वाट बघत तिथंच बसायची, आणि तिनं आम्हांला एकेक करून वेचलं. कडुबानं छिन्नीनं आमचे कोपरे उडवून दिले. मग रत्नमालेनं पाणी शिंपडून शिंपडून आमच्या कडा दगडावर घासल्या, कुणाचं बोट कापू नये म्हणून. लक्षात घ्या, मी अजून धड लगोरीसुद्धा झाले नव्हते, तेव्हाच कुणीतरी दुसऱ्याच्या बोटांचा विचार केला होता. आणि आजकालची माणसं खेळ निवडताना समोर कोण बसलंय एवढंही बघत नाहीत.

बरं, राग नंतर.

पिशोरच्या त्या गल्लीत माझे दिवस फार थाटात गेले. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मला रचून ठेवायचं, लांबच्या रेषेवरून चेंडू मारून पाडायचं आणि मग ज्यांनी पाडलं त्यांनीच मला पुन्हा रचायचं. रचेपर्यंत दुसऱ्या बाजूचे गडी चेंडू घेऊन मागं लागतात. ज्याला चेंडू लागला तो आउट. संपला नियम. यात मुलगा-मुलगी नाही, लहान-मोठं नाही. शेतातून परतणाऱ्या बायका डोक्यावरचा भारा खाली ठेवून एक नेम मारून जायच्या आणि चुकला तर पोरांकडून चिडवूनही घ्यायच्या. रत्नमालेचा नेम असा होता की, ती रेषेवर उभी राहिली की समोरच्या बाजूची पोरं आधीच कुरकुर करायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. पाडणारी तीच होती, तरी वाटायचा.

लग्न झालं तेव्हा ती मला एका जुन्या पिशवीत घालून देवगाव रंगारीला सासरी घेऊन गेली. सून माहेरून दगड घेऊन आली म्हणून तिथं महिनाभर हसणं चाललं होतं. नंतर त्याच हसणाऱ्या बायका माझ्याशी खेळल्या, तो भाग वेगळा. पुढं तिचा मुलगा राजेंद्र शेंद्र्याच्या कंपनीत लागला, त्यानं इकडं छत्रपती संभाजीनगरात शेंद्र्याच्या बाजूला घर बांधलं, मागं हिरवळ लावली, कडेनं जास्वंद लावली, आणि रत्नमाला आता आजी होऊन त्या घरात राहायला आली. मीसुद्धा आले.

आणि तिथं माझी वाताहत झाली. थोरलीला कूलरच्या एका पायाखाली घातलं, कारण तो पाय आखूड होता. दोघी माठाखाली गेल्या. एक गेली मागच्या गेटपाशी, ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून. एक लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर. आणि एकीला तर आजीच्या धाकट्या जाऊबाईंनी, गीताबाईंनी, टाचा घासायला न्हाणीत नेलं. टाचा! मी लगोरी आहे हो, माझ्यावर नेम धरतात, माझ्यावरून भांडणं होतात. फक्त धाकटी तेवढी आजीच्या ट्रंकेत राहिली. घरातल्या कुणाला ठाऊकही नव्हतं की, या सातजणी एकमेकींच्या कुणी लागतात.

तरी मी हे सगळं गिळलं असतं. वस्तूंचं चालायचंच. माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

दर बुद्ध पौर्णिमेला राजेंद्रच्या घरी सगळं कुटुंब जमतं. सकाळी वंदना होते, मोठ्यांच्या पाया पडून होतं, खीर होते, दुपारभर पंख्याखाली सगळे आडवे होतात आणि ऊन उतरलं की मागच्या हिरवळीवर खेळ. आता इथं सहा वर्षांच्या यशूपासून सत्तरीला टेकलेल्या आजीपर्यंत सगळे हजर असतात. यशू म्हणजे यशोधरा, आजीच्या धाकट्या मुलीची मुलगी. अशा वेळी खेळ कोणता निवडायचा, हा विचार कुणीतरी करायला नको का? विचार करायचा प्रणय. प्रणय हा राजेंद्रचा पुतण्या, इंजिनिअरिंगला आहे, स्वभावानं चांगला आहे, पण त्याच्या डोक्यात खेळ म्हणजे क्रिकेट आणि क्रिकेट म्हणजे तो स्वतः. गेल्या वर्षी त्यानं क्रिकेट लावलं. चार-पाच जण खेळले आणि उरलेलं सगळं घर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होतं. मी गेटपाशी होते, म्हणजे माझ्यातली एक होती, तिनं सगळं पाहिलं. यशूला सीमारेषेवर उभं केलं होतं. तिच्याकडे चेंडू एकदाच आला आणि तोही प्रणय धावत येऊन तिच्या समोरून उचलून घेऊन गेला. आजी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपल्या आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढला. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही.

यंदा प्रणयनं पुन्हा तोच बेत मांडला. पण यंदा मोनिका उभी राहिली. मोनिका ही राजेंद्रची मुलगी, नववी पास होऊन दहावीत गेलेली. पूर्वी चारचौघांत बोलायची म्हटलं की ओढणीचं टोक चावत बसायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा सूत्रसंचालन काय केलं, तेव्हापासून तिला कुणाचीच भीती वाटत नाही. तिनं विचारलं, क्रिकेटमध्ये आजी काय करणार? प्रणय म्हणाला, मग बॅडमिंटन. तिनं विचारलं, दोघं खेळणार आणि बाकीचे मान इकडून तिकडं हलवणार का? राजेंद्रनं संगीत खुर्ची सुचवली. त्यावर गीताबाईंनीच हात जोडले, म्हणाल्या, मागच्या लग्नात त्या खुर्चीपायी माझं कंबरडं मोडलं होतं. शेवटी प्रणय वैतागून म्हणाला, मोठ्या माणसांना सावलीत भेंड्या खेळू दे आणि आम्हांला क्रिकेट.

"मग एकत्र कशाला जमलो, दादा?" मोनिका म्हणाली. "आपापल्या घरी बसून फोनवरच जमलो असतो की."

त्या क्षणी मला त्या पोरीची पप्पी घ्यावीशी वाटली. पण मी दगड. आणि सहा ठिकाणी विखुरलेली.

तेवढ्यात आजी ट्रंकेकडे गेल्या आणि धाकटीला घेऊन आल्या. म्हणाल्या, हिच्या सहा बहिणी याच घरात हायेत, हुडका. मग जी काय धमाल झाली! माठ उचलला, बरणी उचलली, गीताबाईंनी लाजत लाजत न्हाणीतली आणून दिली. थोरलीला ओढलं तेव्हा कूलर कलंडला आणि राजेंद्रच्या पायावर सगळं पाणी. मला त्याची मुळीच दया आली नाही. मोनिकानं प्रणयचे जुने मोजे एकात एक गुंडाळून चेंडू केला, म्हणजे कुणाला लागला तरी दुखणार नाही. किती वर्षांनी मी सातच्या सात एकावर एक बसले. वारा अंगावरून गेला तरी वाटत होतं, उभी राहीन, उभीच राहीन.

आणि इथंच माझा सगळ्यात मोठा अपमान झाला. कूलरपेक्षाही, टाचांपेक्षाही मोठा.

गडी वाटून झाले. आजी आणि मोनिका एका बाजूला, राजेंद्रही त्यांच्यात. प्रणय, गीताबाई आणि यशू दुसऱ्या बाजूला. बाकीचेही दोन्हीकडे वाटले गेले. मग प्रणय अगदी प्रेमानं म्हणाला, आजीला आणि यशूला लिंबूटिंबू धरू. मित्रांनो, लिंबूटिंबू तुम्हांला ठाऊक आहे. ज्यानं खेळायचं, पण ज्याचं काहीच मोजायचं नाही, तो लिंबूटिंबू. आणि हे कुणाला? तर जिच्या नेमाला सगळी पिशोरची गल्ली घाबरायची, तिला.

आजींनी पहिला नेम मारला. गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, चेंडू लांबून गेला. दुसराही गेला. तर प्रणय पुढं आला आणि त्यानं मला पायानं सरकवत सरकवत आजींच्या पुढ्यात आणून ठेवलं. पायानं! आता आजींनी नुसता हात खाली सोडला असता तरी मी पडले असते. त्यांनी चेंडू टाकला, मी पडले आणि सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या तान्हं मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात. आजींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मला रचायला वाकल्या. प्रणयच्या हातात चेंडू होता, आजी त्याच्यासमोर दोन हातांवर, पण तो भलतीकडेच चेंडू फेकत राहिला. एकदा चुकून चेंडू आजींच्या दंडाला लागलाच. तर हा पठ्ठ्या धावत आला, आजींच्या पाया पडला, सॉरी म्हणाला. खेळ थांबला. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली. आउट मात्र कुणी म्हणालं नाही. कसं म्हणणार? ज्या बाईनं सगळ्यांना अंगाखांद्यावर वाढवलं तिला चेंडू मारायचा नाही, लागला तर पाया पडायचं, असली यांची रीत. अहो, पण मग तिला लगोरीत घेतलंत कशाला? माझ्यात दुसरं असतं काय? चेंडू लागतो, नाहीतर लागत नाही. बाकी सगळा नुसता दगडांचा ढीग.

यशू आजींच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांची समजूत घालावी तशी म्हणाली, "आजी, आपण दोघी लिंबू आहोत. आपल्याला काहीच होत नाही."

आजींच्या हातात माझी मधली एक फरशी होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

"पुढच्या पौर्णिमेला मला मागं बोलवू नका," त्या म्हणाल्या. "नुसती खुर्ची मांडून ठेवा. तेवढ्यानं भागतंय तुमचं."

राजेंद्रचा चेहरा पडला. त्यानं सांगायचा प्रयत्न केला की, हे सगळं तिच्या मानापोटीच आहे, लागू-बिगू नये म्हणून आहे.

"मान व्हय?" आजी म्हणाल्या. "घरात बी तसंच हाय तुमचं. आई, भाजी कंची करू म्हणून इचारता, मी वांगं म्हणते, अन् ताटात भेंडी येती. मी बोलते समदं, पर धरत कुणीच नाय."

गीताबाईंना हसू येत होतं, पण भेंडी त्यांनीच केली होती.

मला वाटलं, झालं, संपलं. आजी आता घरात जाऊन पडणार, पुन्हा कधी बाहेर येणार नाहीत, आणि मी परत सहा ठिकाणी. संतापानं माझ्या कडा तापल्या, आणि ते काही उन्हानं नव्हे. इतकी प्रेमळ माणसं आणि एकालाही कळेना की, या बाईला मऊ गादी नकोय, एक सरळ चेंडू हवाय.

कळलं ते मोनिकाला. ती आजींपाशी गेली नाही, समजूत काढत बसली नाही. ती माझ्याकडे आली. मला सरळ रचलं, रेषा होती तिथंच पुन्हा आखली आणि जाहीर करून टाकलं की, पहिला डाव रद्द. लिंबूटिंबू रद्द. आता नियम सगळ्यांना सारखा: पळायचं नाही. फक्त चालायचं. प्रणयदादानंही चालायचं. जो पळेल तो आउट. नेम प्रत्येकाला तीन. आणि चेंडू लागला की आउट, मग तो कुणी का असेना.

प्रणय म्हणाला, "चालत कुठं लगोरी असते का? आणि आजीला चेंडू मारायचा कसा, ते सांग."

उत्तर खुर्चीवरून आलं. "हातानं मार. पाया पडायचं ते सकाळी पडून झालं तुझं."

आणि आजी उठल्या.

मित्रांनो, मी पुष्कळ डाव पाहिलेत, पण तो चालायचा डाव पाहिला नव्हता. आजींचे दोन नेम गेले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मला सरकवलं नाही. तिसरा आला आणि माझ्या वरच्या तिघींना घेऊन गेला. पूर्वी तो माझ्या पोटात बसायचा, पण ठीक आहे, उडाल्या त्या उडाल्या. मग सुरू झाली चालाचाली. राजेंद्र, एवढा कंपनीतला सुपरवायझर, पण सवयीनं दोन पावलं पळाला आणि पहिला आउट. गीताबाई पदर खोचून मांजरासारख्या एकेकाच्या मागं चालत होत्या आणि वर गप्पाही मारत होत्या, त्यामुळं कुणाला त्यांची भीती वाटत नव्हती आणि तिथंच माणसं फसत होती. प्रणयला चालणं जमेचना. बदकासारखा कुल्ले हलवत निघाला, चेंडू जास्वंदीकडे गेला तशी झेप घेतली आणि आउट. जाता जाता म्हणाला की, हा नियमच त्याच्याविरुद्ध केलाय. मी मनात म्हटलं, गेल्या वर्षी सगळे नियम यशूविरुद्ध होते, तेव्हा नाही बोललास.

मोनिकानं तिघींपैकी दोघींना वर चढवलं. उरली धाकटी, आणि ती आजींच्या हातात; ती ठेवण्याआधी आजींना चेंडू लागला की डाव समोरच्यांचा. आजी एक हात गुडघ्यावर ठेवून वाकू लागल्या. त्यांना वेळ लागत होता. आणि चेंडू होता यशूकडे.

यशू अगदी जवळ उभी होती. चुकणं शक्यच नव्हतं. तिनं प्रणयकडे पाहिलं, मग स्वतःच्या आईकडे पाहिलं. सगळ्या हिरवळीवर एकच गोष्ट लिहिल्यासारखी दिसत होती: नको मारूस. मोनिकासुद्धा, इतके नियम करणारी मोनिका, तिनंही यशूकडे बघून मान किंचित हलवली. मी पाहिलं. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी माझ्या पाडणाऱ्या रत्नमालेसाठी उभी होते, तरी त्या घडीला मी यशूच्या बाजूची झाले. मार गं, म्हटलं, मार.

यशूनं मारला. थप्प. आजींच्या पाठीत. धाकटी अजून हातातच होती.

"नाही लागला," राजेंद्र घाईघाईनं म्हणाला. "पदराला लागला, पदराला. रच आई, रच."

आजी सरळ झाल्या. "पाठीत लागलाय," त्या म्हणाल्या. "पाठ माझी हाय, मला कळतंय." मग यशूकडे वळल्या. "काय झाले गं मी?"

यशू पुटपुटली, "आउट."

"मोठ्यानं म्हण. तिकडं जास्वंदीपतूर जायला पायजे."

"आजी आउट," यशू ओरडली, आणि ओरडल्यावर तिचा तिलाच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा एकदा ओरडली. त्यांच्या बाजूनं डाव जिंकला. गीताबाईंनी यशूला उचलून घेतलं, आणि प्रणयनं, हो, प्रणयनंच, तिच्याशी हात मिळवला.

आजींसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हरलेल्या माणसासाठी कोण वाजवतं? आजींनी धाकटीला माझ्या डोक्यावर नेऊन ठेवलं, जरा जोरातच, आणि मग मोनिकावर तुटून पडल्या. पोरीच्या आडवं उभं राहायचं सोडून मान कसली हलवत होतीस, आपला गडी वाचवायचा आसतो एवढंही कळत नाय व्हय तुला, वरच्या दोघी मला रचू द्यायच्या होत्या अन् तू राखण करायची होती. मोनिका म्हणाली की, तिघींसाठी तीनदा वाकायला संध्याकाळ झाली असती. मग काय, दोघींचं जुंपलं. राजेंद्र मधे पडायला गेला तर आजी त्याला म्हणाल्या, तू गप, तू पळून आउट झालास. खीर उरली होती ती आतून आणली, तर आजी हातानं बाजूला सारत म्हणाल्या, आधी दुसरा डाव.

मित्रांनो, मला त्या दिवशी कुणी शाबासकी दिली नाही आणि मला ती नकोही होती. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते तुम्ही रागानं सांगितलेलं म्हणून ऐका किंवा विनंती म्हणून ऐका. तुमच्याकडे सगळी लहानथोर माणसं जमतील तेव्हा खेळ निवडण्याआधी एकदा सगळ्यांकडे नजर फिरवा. ज्यात दहा जण खेळतील आणि वीस जण बघत बसतील, तो खेळ त्या दिवशी राहू द्या. चेंडू मोज्याचा करा, रेषा सगळ्यांसाठीच जवळ घ्या, पळणं बंद करा, खेळाला हवं तसं वाकवा. खेळ वाकला तर तुटत नाही, मी दगड असून सांगते. पण कुणाला खेळायला बोलावलंत की त्याला धरा. त्याचा नेम चुकला तर चुकला म्हणा, आणि चेंडू लागला तर, तो तुमच्या आजीला लागलेला असला तरीसुद्धा, जास्वंदीपर्यंत ऐकू जाईल असं आउट म्हणा.